चांगला फॉरवर्ड चांगला कोच होतोच का? रॉड ब्रिंडामोरच्या निमित्ताने

प्रश्न असा आला होता: "माझा भाचा ओंटॅरिओत आइस हॉकी खेळतो. वय सोळा, जागा सेंटर. एनएचएलपर्यंत (उत्तर अमेरिकेतली सगळ्यात वरची व्यावसायिक लीग) नाही पोचलो तर कोच होईन, म्हणतो. त्याच्या घरात रॉड ब्रिंडामोरचं नाव सारखं घेतलं जातं. खेळणं संपलं की कोच होणं, हा रस्ता खरंच इतका सरळ असतो का?"

रस्ता आहे, पण सरळ नाही. ब्रिंडामोर म्हणजे कॅरोलिना हरिकेन्स संघाला चषक जिंकून देणारा कप्तान, जो पुढे त्याच संघाचा मुख्य कोच झाला. आणि ब्रिंडामोरचं नाव घेणाऱ्यांना बहुतेक वेळा त्याचा चषक आठवतो, त्यानंतरची सात वर्षं आठवत नाहीत. माझं उत्तर त्या सात वर्षांभोवतीच फिरणार आहे.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द, म्हणजे हे कोण सांगतंय ते कळेल. मी सांगलीची. २००१ साली टोरंटोजवळ राहायला आले तोवर बर्फाशी माझा संबंध गोळ्यापुरता होता. मुलगा हॉकीत पडला आणि मी वयाच्या तेहतिसाव्या वर्षी भिंतीला धरून स्केटिंग शिकले. संघात मला मिळालेलं पहिलं काम बेंचचं दार उघडायचं. गेले सतरा हिवाळे मी अकरा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींना शिकवते. व्यावसायिक हॉकी मी कधी खेळले नाही. म्हणून जे खेळले आणि मग बेंचमागे उभे राहिले, त्यांच्याकडे मी सुताराने दुसऱ्याचं टेबल उलटं करून सांधे बघावेत तशी बघते.

तर ब्रिंडामोर. जन्म १९७० चा, ओटावातला. वाढला ब्रिटिश कोलंबियातल्या कॅम्पबेल रिव्हरला. सॅस्कॅचेवनमधल्या विलकॉक्स नावाच्या चिमुकल्या गावातल्या नोत्र दाम शाळेच्या संघातून पुढे आला. १९८८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, सेंट लुइस ब्लूजने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं. मग एक वर्ष मिशिगन स्टेट विद्यापीठात. तिथे तो व्यायामशाळेतून बाहेरच निघत नसे, शेवटी दिवे घालवून त्याला हाकलावं लागे, अशी दंतकथा हॉकीवाले अजून सांगतात. खरी असो नसो, माणसाला शोभते. १९९१ मध्ये तो फिलाडेल्फिया फ्लायर्सकडे गेला आणि तिथे सलग ४८४ सामने खेळला. या खेळात ८२ सामन्यांच्या एका मोसमात दात, बोटं, बरगड्या यांचा हिशोब कुणी ठेवत नाही. त्यात सहा वर्षं एकही सामना न चुकवणं म्हणजे काय, ते रविवारी सकाळी ड्रेसिंग रूममध्ये "कोच, पोट दुखतंय" ऐकणाऱ्या माझ्यासारखीला विचारा.

आकडे चांगलेच होते. १९९३-९४ च्या मोसमात ९७ गुण, म्हणजे गोल आणि गोलला दिलेले पास मिळून. पण तो गोल ठोकणारा राजा नव्हता. फ्लायर्समध्ये एरिक लिंड्रोस होता, लोक तिकिटं त्याच्यासाठी काढायचे. ब्रिंडामोर समोरच्या संघाच्या सगळ्यात धोकादायक ओळीपुढे (एका ओळीत तीन फॉरवर्ड, संघात अशा चार ओळी, पहिली सगळ्यात तगडी) उभा राहायचा, पेनल्टी किल करायचा (आपला खेळाडू शिक्षा भोगत बाहेर असताना कमी माणसांत गोल अडवायचा) आणि फेसऑफ जिंकायचा.

फेसऑफवर जरा थांबते, कारण तुमचा भाचा सेंटर आहे आणि सेंटरचं अर्धं पोट यावर भरतं. खेळ थांबला की पंच पक, म्हणजे रबराची चकती, खाली टाकतो आणि दोन सेंटर तो आपल्याकडे ओढायला झुंजतात. बघणाऱ्याला वाटतं, हाताची चपळाई. हात असतातच, पण आधी पाय येतात. खांदा किती खाली, खालचा हात काठीवर किती उतरलेला, समोरचा डावखुरा की उजवा, पंच पक सोडताना मनगट कसं हलवतो, आपला विंगर (कडेचा फॉरवर्ड) लगेच आत घुसणार आहे का. सगळं मिळून सेकंदापेक्षा कमी. ज्याचं काम झालं त्याला टाळी मिळत नाही. टाळी नंतर गोल करणाऱ्याला. २००५-०६ मध्ये ब्रिंडामोर दोन हजारांहून जास्त फेसऑफला उभा राहिला आणि त्यातले जवळपास ५९ टक्के जिंकला. वय पस्तीस. मोसमभर सामन्यागणिक सरासरी २४ मिनिटांच्या वर बर्फावर. फॉरवर्डसाठी हे अचाटच, कारण एक शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक पाळी, जेमतेम ४०-४५ सेकंदांची असते आणि तेवढ्यातच छाती फुटायला होते. त्या मोसमाचा आणि पुढच्याही मोसमाचा सेल्की पुरस्कार त्याला मिळाला. बचावात सगळ्यात तरबेज असलेल्या फॉरवर्डला तो देतात.

हे सगळं कॅरोलिनात. जानेवारी २००० मध्ये कीथ प्रीमोच्या बदल्यात त्याला कॅरोलिना हरिकेन्सकडे पाठवलं. नॉर्थ कॅरोलिना म्हणजे कॉलेज बास्केटबॉलचा मुलूख, हॉकी तिथे पाहुणी. २००२ मध्ये संघ अंतिम फेरीत जाऊन डेट्रॉइटकडून हरला. २००५ मध्ये तो कप्तान झाला आणि २००६ मध्ये एडमंटनला सात सामन्यांत हरवून स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचा चषक, जिंकला. पहिल्या सामन्यात हरिकेन्स ०-३ ने मागे होते. ४-४ झालं, शेवटचं अर्धं मिनिट उरलं. एडमंटनचा मुख्य गोली (गोलरक्षक) जखमी होऊन गेला होता. त्याच्या जागी आलेला टाय कॉंक्लिन आणि बचावपटू जेसन स्मिथ यांच्यात गोलजाळ्यामागे पकचा घोळ झाला. ब्रिंडामोर तिथे होता. जाळं रिकामं, त्याने पक आत ढकलला. दैव म्हणा हवं तर. पण ५९ मिनिटं खेळून झाल्यावर पस्तिशीतला माणूस अजून पकच्या मागे तिथवर धावत होता, हे मी माझ्या मुलांना ती चित्रफीत दाखवून सांगते. कप हातात आल्यावर त्याने तो पहिल्यांदा ग्लेन वेस्लीकडे दिला. वेस्ली जवळजवळ दोन दशकं खेळून एकदाही चषकाला हात न लागलेला बचावपटू.

इथपर्यंतची गोष्ट घराघरांत सांगतात. पुढची फारशी कुणी सांगत नाही.

जानेवारी २०१० मध्ये, मोसम चालू असतानाच, कप्तानपदाचा 'सी' त्याच्या छातीवरून एरिक स्टालच्या छातीवर गेला. ब्रिंडामोर गेला नाही, खेळत राहिला. त्या मोसमात ८० सामने आणि १९ गुण. ज्या संघाला त्याने चषक दिला, त्याच संघात तो चौथ्या ओळीचा माणूस झाला होता. जूनमध्ये निवृत्त झाला: १,४८४ सामने, ४५२ गोल, १,१८४ गुण. त्याचा १७ नंबरचा जर्सी पुढच्या फेब्रुवारीत मानाने स्टेडियमच्या छताला टांगला.

माझ्या मते तो कोच झाला तो याच शेवटच्या मोसमात. कागदोपत्री नेमणूक नंतर आली. चौथ्या ओळीतला माणूस बेंचवर फार बसतो. बसला की बघतो. पहिल्या ओळीतल्याला फक्त पुढची शिफ्ट दिसते. चौथ्या ओळीतल्याला कोण दमून स्केट ओढतोय, कोण बदली व्हायला उशीर करतोय, कोच कुणाशी बोलतोय आणि कुणाशी बोलायचं टाळतोय, सगळं दिसतं. शिवाय आपला 'सी' दुसऱ्याच्या छातीवर बघत त्याच खोलीत शेजारी बसून बूट बांधायचे, हे ज्याने गिळलं, तो पुढे एखाद्या चौतीस वर्षांच्या खेळाडूला "आज तू बसणार" असं सांगताना खोटं बोलत नाही.

२०११ पासून तो सहायक कोच. सात मोसम, तीन मुख्य कोच: आधी पॉल मॉरिस, मग कर्क मुलर, मग बिल पीटर्स. या साती मोसमांत हरिकेन्स एकदाही प्लेऑफमध्ये (मोसमानंतर चषकासाठी होणाऱ्या बाद फेऱ्यांत) गेले नाहीत. चषक जिंकून दिलेला कप्तान सात वर्षं पडत्या संघात दुय्यम खुर्चीवर बसला. पदं मागायला गेला असता तर कुठेतरी मिळालीही असती.

सहायक कोच करतो काय? सगळ्यात जास्त वेळ पडद्यासमोर. उद्याच्या संघाचे गेले तीन-चार सामने बघायचे, त्यांचा पॉवर प्ले (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना जास्त माणसांनी केलेला हल्ला) कुठून सुरू होतो, त्यांचे बचावपटू दाबाखाली पक कुठे टाकतात, हे शोधून त्याच्या सहा-सात तुकड्यांची चित्रफीत करायची. खेळाडू दहा मिनिटांपेक्षा जास्त ऐकत नाही. तासाचं मटेरियल दहा मिनिटांत बसवायचं, ही कोचिंगची खरी अक्कल, आणि ती गोल मारून येत नाही. सामन्यात एका गटाची दारं आणि बदल्या सांभाळायच्या. सरावानंतर बर्फावर थांबून एकेका पोराबरोबर तेच तेच करायचं. आणि मुख्य कोचने खेळाडूला झापलं की नंतर गुपचूप त्याच्याजवळ जाऊन "त्यांना असं म्हणायचं होतं" हे सांगायचं. एकत्र कुटुंबात धाकट्या काकूकडे असतं ना, तसलं काम.

मे २०१८ मध्ये तो मुख्य कोच झाला. पहिल्याच मोसमात संघाने लीगच्या गुणतक्त्यात ९९ गुण मिळवले आणि दहा वर्षांनी प्लेऑफ गाठला. पहिल्या फेरीत गतविजेत्या वॉशिंग्टनला सातव्या सामन्यात, दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये हरवलं. तिथून २०२५ पर्यंत एकही वर्ष प्लेऑफ चुकला नाही. २०२१ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम कोचचा जॅक ॲडम्स पुरस्कार. (त्या पहिल्या वर्षी घरचा सामना जिंकला की खेळाडू बर्फावर नाटकं करायचे, कधी बोलिंग, कधी मानवी पिरॅमिड. इथल्या टीव्हीवरचा म्हातारा समालोचक डॉन चेरी त्यांच्यावर उखडला आणि टवाळांचं टोळकं म्हणाला. संघाने ती शिवीच टी-शर्टवर छापून विकली. ब्रिंडामोरसारख्या कडक माणसाने हे चालू दिलं, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. आता वाटत नाही. सरावात पिळून काढायचं असेल तर हसायला कुठेतरी जागा सोडावी लागते.)

त्याचा संघ खेळतो कसा, ते बघितलं की खेळाडू ब्रिंडामोर ओळखू येतो. बहुतेक संघ बचावात आपापला इलाखा सांभाळतात. हरिकेन्स माणसाला माणूस लावतात, बर्फभर. पक समोरच्याकडे गेला की लगेच अंगावर. बचावपटूसुद्धा पुढे घुसतो, आणि त्याची मागची जागा भरायला एक फॉरवर्ड परततो. तो परतणारा फॉरवर्ड हाच सगळ्या इमारतीचा खांब. तो एकदा आळसला तर समोरच्या दोघांपुढे आपला एकच बचावपटू, आणि गोल. अशा खेळाला पहिल्या ओळीपासून चौथ्या ओळीपर्यंत सगळ्यांची छाती सारखी लागते. म्हणून व्यायामशाळेतल्या त्या दंतकथेचा उपयोग. कोच स्वतः कधी सुटला नाही, मग तुम्ही कुठल्या तोंडाने सुटणार? संघाचा सध्याचा कप्तान जॉर्डन स्टाल बघा: समोरची पहिली ओळ रोखणारा, फेसऑफला उभा राहणारा सेंटर. आणि ज्या एरिककडे तो 'सी' गेला होता त्याचाच धाकटा भाऊ.

या शिकवणीची मला आवडणारी कसोटी म्हणजे २२ फेब्रुवारी २०२० ची रात्र. टोरंटोत सामना, मी घरी टीव्हीसमोर. हरिकेन्सचे दोन्ही गोली एकामागून एक जखमी झाले. नियमाप्रमाणे यजमान मैदानाचा आपत्कालीन गोली उतरवावा लागला: डेव्हिड एयर्स, वय ४२, मूत्रपिंड बदललेलं, पूर्वी रिंकवर बर्फ गुळगुळीत करणारं झॅम्बोनी यंत्र चालवलेलं. पहिले दोन फटके आत गेले. सगळ्या शहराला वाटलं, आता लूट. पण उरलेल्या वेळात हरिकेन्सनी टोरंटोच्या संघाला, म्हणजे लीफ्सना, त्याच्यापर्यंत फारसं पोचू दिलं नाही. दीडेक पिरियडात (एक पिरियड वीस मिनिटांचा) मिळून त्याच्यावर फक्त दहा फटके आले, त्याने आठ अडवले, आणि हरिकेन्स ६-३ ने जिंकले. दुसऱ्या दिवशी पेपरात एयर्सचे फोटो, आणि ते योग्यच. मी मात्र सामना पुन्हा लावून फक्त फॉरवर्ड बघितले. एकही जण निळ्या रेषेवर रेंगाळून गोलची वाट बघत थांबला नव्हता.

आता दुसरी बाजू, नाहीतर हे देवाचं स्तोत्र होईल. २०२५ पर्यंत तीन वेळा, २०१९, २०२३ आणि २०२५ मध्ये, त्याचा संघ पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत, म्हणजे चषकाच्या अंतिम फेरीच्या दारात, गेला. एकूण तेरा सामने झाले, जिंकला एक. २०२३ मध्ये फ्लोरिडाविरुद्ध चारही सामने एकेका गोलने हरले. पहिला तर चौथ्या ओव्हरटाइमपर्यंत चालला, मध्यरात्र उलटून गेली. समोरच्यापेक्षा जास्त पळायचं, जास्त फटके मारायचे आणि पकावर जास्त वेळ ताबा ठेवायचा, हे मोसमभर पुरतं. मे महिन्यात समोरचा संघही तितकंच पळतो. तेव्हा एखाद्या अवलियाने काहीच नसताना काहीतरी काढावं लागतं, आणि ते कष्टाने शिकवता येत नाही. टीकाकार म्हणतात, ब्रिंडामोर आपल्यासारखे वीस खेळाडू घडवतो, आणि तीच अडचण आहे. मला हे अर्धं पटतं. फ्लायर्समध्ये असताना गोल हवा असला की लोक लिंड्रोसकडे बघायचे, हे विसरू नका.

सगळ्यांनी याच वाटेने जायला हवं असंही नाही. मार्टिन सँ लुई बघा, लावालचा, उंची पाच फूट आठ इंच. ड्राफ्टमध्ये कुणी घेतलाच नाही, कॅलगरीने २००० मध्ये सोडून दिला. २००४ मध्ये टॅम्पाकडून त्याने लीगमध्ये सगळ्यात जास्त गुण केले, सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि कप जिंकला, तोही कॅलगरीलाच हरवून. निवृत्तीनंतर कनेटिकटमध्ये आपल्या पोरांच्या संघांना शिकवत होता, म्हणजे साधारण माझंच काम. फेब्रुवारी २०२२ मध्ये माँट्रियाल कॅनेडियन्सने थेट मुख्य कोच म्हणून बोलावलं. संघ ४५ पैकी फक्त ८ सामने जिंकून तळाशी होता. कोल कॉफील्ड नावाचा ठेंगणा नेमबाज ३० सामन्यांत एका गोलवर अडकलेला. सँ लुई आल्यावर त्याच पोराने ३७ सामन्यांत २२ गोल केले. ठेंगणेपणाचं रडगाणं न गाता जागा कशी शोधायची, हे त्याला दुसऱ्या कुणी इतकं नीट सांगितलं नसतं. ड्रिलमध्ये मुलांना रेषा आखून देण्याऐवजी तो त्यांना बर्फ वाचायला शिकवतो. ही सवय मुलांच्या रिंकवरची, हे मी छातीठोक सांगते; बारा वर्षांच्या पोराला आखलेली रेषा तिसऱ्या सेकंदाला विसरायला होते. २०२५ मध्ये माँट्रियाल प्लेऑफमध्ये पोचलं.

आणि वेन ग्रेट्झ्की? फॉरवर्डांचा फॉरवर्ड. २००५ ते २००९ फिनिक्सचा कोच, १४३ विजय, १६१ पराभव, प्लेऑफ एकदाही नाही. संघही कच्चा होता, सगळा दोष त्याचा नाही. पण तो कुठल्याच संघात सहायक न होता आला होता, हेही खरं. ज्याला पक कुठे जाणार हे आधीच दिसायचं, त्याने ते न दिसणाऱ्याला काय सांगावं? गाता गळा असलेल्याला सूर कसा लावायचा विचारा, तो गाऊन दाखवतो.

आता भाचा. सोळाव्या वर्षी "नाही जमलं तर कोच" म्हणतोय, त्याला रागावू नका, पण "नाही जमलं तर" तेवढं काढायला सांगा. दोन्ही आजपासून एकत्र करता येतं. इथे जवळच्या संघटनेत सात-आठ वर्षांच्या मुलांच्या गटाला मदतनीस हवेच असतात. कोच व्हायचं तर पुढे हॉकी कॅनडाची पायरीपायरीने प्रमाणपत्रं आहेत, मुलांशी वागण्याचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, अठरा झाल्यावर पोलिसांकडून पडताळणी. सगळं होतं, वेळ लागत नाही. मात्र पहिलं वर्ष त्याने फळ्यावर डावपेच काढायला मागू नयेत. दार उघडावं, पक गोळा करावेत, रडणाऱ्याला बेंचवर बसवून पाणी द्यावं आणि कोच शिट्टी कधी वाजवत नाही ते बघावं.

माझ्या हाताखाली आलेल्या अशाच एका सतरा वर्षांच्या सेंटरला पहिल्या दिवशी मी फक्त एकच काम दिलं होतं: प्रत्येक शिफ्टनंतर दाराशी येणाऱ्या मुलाच्या डोळ्यांकडे बघ आणि कोण दमलंय ते मला सांग. दुसऱ्या पिरियडला तो म्हणाला, "अकरा नंबर दमला नाही, घाबरलाय." तो आता कोच आहे.

आमचा सराव शनिवारी सकाळी सव्वासहाला असतो, बहुतेक गावांतही साधारण तेव्हाच. लहान मुलांच्या बुटांच्या नाड्या फार घट्ट ओढाव्या लागतात, बोटं सोलतात. नाडी ओढायचा हूक त्याच्या खिशात असू द्या.